तासानंतरची शाळा

मित्रहो, आजचा धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

परवा कळमेश्वरहून नागपूरला येताना बसमध्ये शेजारी दहावीतली एक मुलगी बसली होती. मांडीवर वक्तृत्व स्पर्धेची ढाल, चेहरा मात्र पडलेला. चौकशी केल्यावर म्हणाली, "दादा, ही शेवटची. आता वादविवाद मंडळ बंद. सर म्हणाले, दहावीचं वर्ष आहे, अवांतर गोष्टी पुरे झाल्या." शाळेचे नाव सांगत नाही, अशा शाळा आपल्या तालुक्यात आणि प्रत्येक तालुक्यात आहेत. बस पुढे गेली, पण तो 'अवांतर' शब्द माझ्या डोक्यातून उतरेना. शाळा सुटल्यावर मुलांनी एकत्र जमून जे काही करायचे ते अवांतर, असे कोणी आणि केव्हा ठरवले? शासकीय मराठीत आधी 'अभ्यासेतर' म्हणत, पुढे 'सहशालेय' आणि 'अभ्यासपूरक' हे शब्द आले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने हे उपक्रम शिक्षणाचा अविभाज्य भाग मानावेत असे स्पष्ट सांगितले. शब्द बदलला, वेळापत्रकातील शेवटच्या तासाची जागा मात्र बदलली नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

मुंबई, १८४८. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही तेव्हा शाळा आणि महाविद्यालय अशी दोन्ही अंगे असलेली एकच संस्था होती; दोन्हींची फारकत पुढे १८५६ मध्ये झाली. त्या वर्षीच्या जून महिन्यात तेथील विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि तरुण शिक्षकांनी एक मंडळ काढले: 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी'. मागे उभे होते प्राध्यापक जोसेफ पॅटन. कार्यपद्धती साधी होती. ठरलेल्या दिवशी जमायचे, एकाने निबंध वाचायचा, इतरांनी त्यावर बोलायचे. आजच्या कोणत्याही शाळेतील वक्तृत्व मंडळ याहून फार वेगळे काही करत नाही. इंग्रजी येत नसलेल्यांपर्यंत ज्ञान पोचावे म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा तिच्या शाखा म्हणून निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे आपले व्याकरणकार दादोबा. या सभेचे 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक १८५० पासून निघू लागले.

मंडळाला एक अट होती: धर्म आणि राजकारण या विषयांवर चर्चा नाही. सरकारी संस्थेच्या छत्राखाली चालणाऱ्या मंडळाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? याआधी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात काय घडले ते सर्वांना ठाऊक होते. तेथे हेन्री डेरोझिओ या विशी न ओलांडलेल्या शिक्षकाभोवती १८२८ च्या सुमारास 'अॅकॅडेमिक असोसिएशन' जमली. ईश्वर, मूर्तिपूजा, जातिभेद, सगळ्यांवर वाद झडू लागले. पालक बिथरले आणि १८३१ मध्ये डेरोझिओला संस्था सोडावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस बाविसाव्या वर्षी तो वारला. मुंबईकरांनी त्या प्रकरणातून सावधपणा शिकला असे मानायला हरकत नाही.

सावधपणाची ही गंमत पाहा. धर्म आणि राजकारण वगळले की उरते काय? साहित्य, विज्ञान, उद्योग, आणि 'समाजाची उन्नती' नावाचा एक निरुपद्रवी दिसणारा विषय. याच विषयाच्या पोटात स्फोटक भरलेले होते.

ऑगस्ट १८४९. बेहरामजी गांधी नावाच्या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. टाळ्या झाल्या असतील, चर्चा झाली असेल. अशा निबंधांचे पुढे काय होते ते तुम्हा-आम्हाला अनुभवाने माहीत आहे: तो वहीत राहतो, फार तर वार्षिकांकात छापला जातो. पॅटनसाहेबांनी मात्र मुलांना विचारले की, बोलणे झाले, आता करणार काय?

ऑक्टोबरपर्यंत मुलींच्या शाळा सुरू झाल्या. पारशी मुलींसाठी वेगळ्या, मराठी मुलींसाठी वेगळ्या. शिक्षक कोण? मंडळाचेच सभासद. आपले महाविद्यालय किंवा नोकरी सुरू होण्यापूर्वी, सकाळी सात ते दहा, विनावेतन. पहिल्या पटावर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. आकडा लहान वाटतो ना? मग तो कसा जमला ते पाहा. या तरुणांत चोवीस वर्षांचे दादाभाई नौरोजी होते. त्यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींनुसार, ही मंडळी घरोघरी जाऊन व्हरांड्यात तरी मुलींना शिकवू द्या अशी विनवणी करीत. काही घरांत स्वागत झाले. काही वडिलांनी मात्र जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. पुढे ब्रिटिश संसदेत बसलेल्या, भारतातून होणाऱ्या संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात अशी दुसऱ्याच्या जिन्यावर झाली आहे. अर्थशास्त्रज्ञ दादाभाई आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पाटी घेऊन दारोदार हिंडणारे दादाभाई सहसा तिथे भेटत नाहीत.

पैसा लवकरच लागला, कारण फुकट शिकवणारे हात किती दिवस पुरणार? कामा कुटुंबाने पारशी शाळांना आधार दिला. मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली ती जगन्नाथ शंकरशेट यांनी, म्हणजे नाना शंकरशेटांनी. डॉ. भाऊ दाजी लाड हेही या मंडळाचे आधारस्तंभ. बालकन्याहत्येच्या प्रथेवर त्यांनी विद्यार्थिदशेतच निबंध लिहिला होता. त्यांच्या बाबतीत निबंधाकडून कृतीकडे जाणारी वाट आधीच मळलेली होती. मंडळाचे नाव आजही जिवंत आहे. गिरगावात या सोसायटीची मुलींची शाळा पुढे चालत राहिली.

येथे दोन गोष्टी नीट नोंदवून ठेवू, कारण समाजमाध्यमांवर 'पहिले कोण' या प्रश्नावरून लाठ्याकाठ्या निघतात. एक, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच मुलींची शाळा काढली होती, आणि ती काढताना त्यांच्या मागे ना कोणते महाविद्यालय होते, ना शेटसावकार. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे, सावित्रीबाई सतरा. मिशनऱ्यांच्या शाळा त्याहून जुन्या. मुंबईच्या मंडळाचे वेगळेपण 'पहिले' असण्यात शोधू नये. वादविवादासाठी जमलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या निबंधाला जबाबदार राहायचे ठरवले, हे मला महत्त्वाचे वाटते. दोन, या मंडळाच्या सभासदांत एकही स्त्री नव्हती. मुलींच्या शिक्षणावर मुलांनी निबंध वाचला, मुलांनी वाद घातला, मुलांनी ठराव केला. त्या अडुसष्ट मुलींपैकी कोणाला काय वाटत होते, याचा त्या मंडळाच्या सभेत प्रश्नच निघाला नसणार.

आणि वगळलेला धर्म? तो गेला मागच्या दाराने. १८४९ मध्येच मुंबईत परमहंस मंडळी ही गुप्त सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग इथेही होते. जातिभेद मोडण्यासाठी सभासद गुप्तपणे एकत्र जमत आणि पावरोटी खात. ती सोवळ्याच्या कल्पनेनुसार बाटवणारी होती. साधारण १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि नाव उघड होण्याच्या भीतीने मंडळी विखुरली. उघड मंडळात निबंध, गुप्त मंडळात पाव! एकाच पिढीची, कधी कधी एकाच माणसाची, ही दोन सभासदत्वे शेजारी ठेवून पाहिली की एकोणिसाव्या शतकातील सुधारकांविषयी 'धाडसी' किंवा 'भित्रे' असा एकशब्दी निकाल देणे अवघड होते.

आता सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे ओलांडून आपल्या नागपुरात येऊ.

बंगालची फाळणी १९०५ मध्ये झाली. विद्यार्थी रस्त्यावर आले. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांचे परिपत्रक निघाले: विद्यार्थी राजकीय चळवळीत दिसले तर शाळेचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या जातील. शिक्षकांना विशेष पोलीस म्हणून नेमले जाऊ शकते, अशी तंबीही त्यात होती. कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी उत्तर म्हणून 'अँटी-सर्क्युलर सोसायटी' काढली. म्हणजे मंडळांवर बंदी घालणाऱ्या कागदाच्या विरोधात आणखी एक मंडळ. मे १९०७ मध्ये भारत सरकारचे गृहसचिव हर्बर्ट रिस्ले यांनी हाच धाक देशभर लागू करणारे परिपत्रक काढले. हे तेच रिस्ले, ज्यांनी १९०१ च्या जनगणनेत जातींची वर्गवारी केली आणि नाकाच्या मापांवरून वंश ठरवण्याचा उद्योग चालवला. माणसे मोजण्याची ज्यांना हौस, त्यांना माणसे आपणहून जमली की अस्वस्थ वाटते, असे माझे एक खासगी मत आहे. परीक्षेत लिहू नका.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते आणि शहर तापलेले होते. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरात व्हायचे होते. जहाल-मवाळांच्या भांडणामुळे ते सुरतेला हलवावे लागले आणि तिथे काय झाले ते आपण जाणतोच. या वातावरणात, १९०७-०८ च्या सुमारास, नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये शाळा तपासनीस आले. ते वर्गात शिरताच मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणून स्वागत केले. दुसऱ्या वर्गात गेले, तिथेही तेच. एका वर्गातील खोडी दुसऱ्या वर्गात आपोआप पोचत नसते. कोणीतरी आदल्या दिवशी जमले होते, ठरवले होते, आणि गुपित राखले होते. सुरुवात कोणी केली हे चौकशीत कोणी सांगेना. शाळा बंद पडली, मुलांचा बहिष्कार चालला. अखेर पालकांच्या मध्यस्थीने मुले माफीच्या अटीवर परत गेली; ज्यांनी नाकारले त्यांना शाळेबाहेर पडावे लागले. त्यांतील एक केशव बळिराम हेडगेवार. ते पुढील शिक्षणासाठी यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला. त्या पुढच्या इतिहासाविषयी तुमची मते काहीही असोत, या प्रसंगात मला रस आहे तो एका साध्या बाबीत: सरकारी शाळाव्यवस्थेने विद्यार्थ्यांना जमण्याची उघड जागा ठेवली नव्हती, तरीही ते जमले.

याच १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगत ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे शिबिर घेतले. त्यातून बालवीर चळवळ, म्हणजे स्काउटिंग, उभी राहिली. मुलांनी तंबू ठोकावेत, मंडळी करून राहावे, नेता निवडावा, नागरिक व्हावे. रिस्ले परिपत्रकाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते! भारतात स्काउटची पथके आली, पण आरंभी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच. भारतीय मुलांसाठी १९१६-१७ च्या सुमारास अॅनी बेझंट आणि इतरांना स्वतंत्र संघटना काढाव्या लागल्या. एकच साम्राज्य, एकच वर्ष. एका मुलाच्या गळ्यात रुमाल, दुसऱ्याच्या शाळेला अनुदानबंदीचा धाक.

इथपर्यंत धागा वाचणाऱ्या आपल्या तालुक्यातील मित्रांसाठी आता खास गोष्ट. कळमेश्वर तालुक्यातील मोहपा तुम्हाला माहीत आहे. तिथे १८७९ मध्ये एका महार कुटुंबात किसन फागूजी बनसोडे यांचा जन्म झाला. कवी, पत्रकार, कामगार कार्यकर्ते. त्यांनी स्वतःचा छापखाना चालवला आणि 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रे काढली. त्याच १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा सुरू केली.

हे वर्ष पुन्हा वाचा. त्याच शहरात, त्याच सुमारास हायस्कूलची मुले तपासनिसासमोर घोषणा देत होती. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, शाळेच्या तासाबाहेर आम्ही काय करायचे. बनसोड्यांच्या वस्तीतील मुलींपुढे तासच नव्हता, तर तासाबाहेरचे काय असणार? ज्याला अभ्यासक्रम मिळाला त्यालाच 'अभ्यासेतर' हा शब्द परवडतो. म्हणून विद्यार्थी मंडळांचा इतिहास लिहिताना केवळ नामांकित हायस्कुलांचे वार्षिक अहवाल चाळून भागत नाही. वस्तीतील वाचनालय, समाजाची सभा, भजनी मंडळ, छापखान्याच्या ओट्यावरची बैठक, याही त्या काळच्या पोरांच्या तासानंतरच्या शाळा होत्या. उमरेडच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण घ्या. कामठी स्थानकावर हमाली करणाऱ्या या मुलीला एका मिशनरी बाईंनी शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य शिक्षिका नको म्हणून सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला, नोकरी गेली. १९२२ मध्ये जाईबाईंनी नागपुरात स्वतः मुलींची शाळा काढली. तिलाही नाव चोखोबांचेच. १८४९ च्या मुंबईत मुलींसाठी मुलांनी शाळा काढली होती. इथे मुलींच्या बाजूने बोलणारी स्वतः त्यातूनच वर आलेली होती.

शेवटचा मुक्काम खानदेशात, अमळनेरला. १९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. साने गुरुजी म्हटले की आपल्याला 'श्यामची आई' आणि ओले डोळे एवढेच आठवते. मला आठवतो तो त्यांचा संपादकीय उद्योग. गुरुजींकडे वसतिगृहाची जबाबदारी होती. तिथे त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक सुरू केले. होय, दैनिक! मासिक काढताना आपल्या मंडळांची दमछाक होते. हा माणूस दिवसभर शिकवून झाल्यावर लिहायला बसे, आणि मुलांना वाचायला ताजी पाने मिळत. त्यात देशातील बातम्या, थोरांच्या गोष्टी, पुस्तकांचा परिचय, आणि वसतिगृहातलेच काही. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे छापील मासिक काढले.

हस्तलिखिताची जादू आजच्या पिढीला सांगावी लागते. त्याची प्रत एकच असते. ती वाचायची तर फळ्याजवळ किंवा वाचनालयात जावे लागते, म्हणजे पुन्हा जमावे लागते. सुंदर अक्षराच्या मुलाला लेखनिकाचे पद मिळते, चित्र काढणाऱ्याला मुखपृष्ठ, गणितात कच्च्या असलेल्याला कविता. गुणपत्रिकेत ज्याला कुठेच जागा नाही त्याचे नाव अनुक्रमणिकेत असते. गॅदरिंगच्या वेळी हे हस्तलिखित पाहुण्यांच्या हस्ते उघडले जाई. त्याच संध्याकाळी शेलापागोटे वाटून मुलांनी सरांची, सरांनी मुलांची फिरकी घ्यायची, हाही त्या लोकशाहीचाच भाग. (फिशपाँडला लोकशाही म्हणणे काहींना जड जाईल. ज्याला कधी बोचरा फिशपाँड पडला आहे त्याला पटेल.)

एप्रिल १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाची हाक आल्यावर, गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते चळवळीत उतरले. पुढे तुरुंग. 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. त्या पुस्तकाची रचना आठवा: आश्रमात रात्री मुले जमतात आणि श्याम त्यांना एकेक आठवण सांगतो. पुस्तकातली ती रात्रीची बैठक वाचताना मला नेहमी अमळनेरचे वसतिगृह दिसते.

स्वातंत्र्यानंतर शासनाने याच गोष्टींना संस्थांचे रूप दिले. १९४८ मध्ये कायद्याने एनसीसी आली, १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सप्टेंबर १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना. परिपत्रके अजूनही निघतात. फरक एवढाच की आता ती मंडळे स्थापन करण्याविषयी असतात. कागदावर विज्ञान मंडळ, भूगोल मंडळ, हरित सेना सगळे काही असते. पण १८४९ च्या ऑगस्टमध्ये निबंधानंतर विचारला गेलेला तो प्रश्न, 'आता करणार काय?', हा कोणत्याही परिपत्रकात मला अजून सापडलेला नाही.

माझ्या प्रबंधासाठी मी विदर्भातील शाळांची जुनी हस्तलिखिते शोधतो आहे. गेल्या हिवाळ्यात एका शाळेत पोचलो तेव्हा तिथली चार दशकांची हस्तलिखिते आठच दिवसांपूर्वी रद्दीत गेली होती. शिपाईकाकांना वाईट वाटले, त्यांनी कपाटाच्या तळाशी राहिलेले एक सुटे पान आणून दिले. त्यावर संपादक मंडळाची सहा नावे होती, लेख एकही नव्हता.

तेव्हा एक विनंती. कळमेश्वर, मोहपा, धापेवाडा, काटोल, सावनेर, कुठेही, घरात आजोबा-आजींच्या ट्रंकेत शाळेचे हस्तलिखित, गॅदरिंगची निमंत्रणपत्रिका, वादविवाद मंडळाचे इतिवृत्त, स्काउटचा रुमाल घातलेला एखादा फोटो असेल, तर रद्दीवाला येण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवा. मागची बाजूही घ्या. नावे बहुधा मागे, पेन्सिलीने लिहिलेली असतात. आणि आजी-आजोबा समोर असतील तर त्यातला कोण कोण ते आजच विचारून घ्या.

बसमधल्या त्या मुलीला मी हा धागा पाठवतो आहे. तिने उतरताना सांगितले होते की मंडळ बंद झाले तरी त्या पाच जणी शनिवारी शाळा सुटल्यावर मारुतीच्या पारावर जमणार आहेत. पहिला विषय ठरायचा आहे.